भाड्याची नौका आणि भरतीचा हिशेब

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यांतील संसार घड्याळाच्या कांट्यावर चालतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. कारखान्याची गाडी नाक्यावर किती वाजतां येते, हें घरांतील लहान मुलालाहि ठाऊक असतें. १९५४ सालीं पिंपरीस प्रतिजैविकांचा कारखाना निघाला, पुढें मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि चाकणच्या माळापर्यंत भोंग्याचें राज्य पसरलें. अशा घरांतून अलीकडे एक नवी हौस ऐकूं येते: भूमध्य समुद्रांतील एखाद्या बेटाभोंवतीं आठवडाभर नौका भाड्यानें घेऊन हिंडण्याची. हौस वावगी नाहीं. परंतु जो माणूस घड्याळाच्या सत्तेखालीं जगतो, त्याला समुद्राची सत्ता वेगळी आहे हें प्रथम समजून घ्यावें लागतें. आणि तें शिकण्यास कॉर्फू किंवा माल्टा गांठण्याची गरज नाहीं. चिंचवडपासून अलिबाग सुमारें १२५ किलोमीटरांवर आहे.

भूमध्य समुद्रावर ही चाल रुजली याला निसर्गाचीच अनुकूलता आहे. तो समुद्र बहुतेक चहूं बाजूंनीं जमिनीनें वेढलेला असल्यामुळें तेथें भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणीं हातभरसुद्धां नसतो. सकाळीं धक्क्याला बांधलेली नौका संध्याकाळीं जवळजवळ त्याच पातळीवर सांपडते. उन्हाळा कोरडा असतो. बेटें जवळजवळ असतात. नौका दोन प्रकारें मिळते. सुकाणू धरण्याचा दाखला ज्याच्यापाशीं असेल त्याला ती नुसती मिळते. नसेल त्यानें नौकेबरोबर तिचा तांडेलहि भाड्यानें घ्यावा. करार पुष्कळदां शनिवार ते शनिवार असतो, अनामत रक्कम ठेवावी लागते, आणि ग्रीस, इटली, माल्टा या देशांसाठीं प्रवेशाचा परवाना कित्येक आठवडे आधीं मागावा लागतो. तथापि तेथेंहि सारें गोड नाहीं. जुलै-ऑगस्टमध्यें ग्रीसच्या पूर्वेकडील बेटांवर उत्तरेचा ‘मेल्टेमी’ वारा दिवसचे दिवस घोंघावतो, आणि फ्रान्सकडून येणारा ‘मिस्त्राल’ कॉर्सिकापर्यंत समुद्र खवळून सोडतो. भाडें भरलें म्हणून वारा थांबत नाहीं.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्याची प्रकृति निराळी आहे. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. जेथें सकाळीं मचवा तरंगत होता तेथें दुपारीं चिखल दिसतो. म्हणून येथील सहलीचा पहिला प्रश्न ‘किती वाजतां निघावयाचें’ हा नसून ‘त्या दिवशीं तिथि कोणती’ हा आहे. दर्यावर्दी लोकांचा एक जुना आडाखा आहे: तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. मोरया गोसाव्यांच्या चिंचवडास चतुर्थी कोणी सांगावी लागत नाहीं. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला, मग ती शुद्ध असो वा वद्य, पहांटे तीन व दुपारीं तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनीं ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते, हेंच या गणिताचें मर्म. हा आडाखा मुंबईच्या आसपास चांगला लागूं पडतो. नेमक्या वेळेसाठीं भारतीय सर्वेक्षण खात्याचीं छापील कोष्टकें पाहावींत आणि स्थानिक तांडेलास विचारावें.

या हिशेबाचा उपयोग अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापाशीं तत्काळ कळतो. हा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला तेथें पायीं जातां येतें. अष्टमीला ओहोटी बरोबर मध्यान्हीं येते. वेळ सोयीची, पण तो भांगाचा काळ असल्यानें पाणी फारसें हटत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी दूरवर ओसरतें खरें. पण ओहोटी येते ती संध्याकाळीं पांच-साडेपांचला, आणि परततांना अंधार व चढतें पाणी हीं दोन्ही मागें लागतात. द्वादशी-त्रयोदशीची दुपार ही त्यांतली मधली वाट: नऊ-पावणेदहाला भरती, तीन-चारच्या सुमारास ओहोटी, आणि पाणीहि बऱ्यापैकीं मागें गेलेलें. वयोवृद्ध माणसें बरोबर असतील तर दिनदर्शिकेंतील तारखेपेक्षां तिच्याखालीं छापलेली तिथि आधीं वाचावी.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. हिंवाळ्यांत पहांटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपार कलतां समुद्राकडून खारा वारा सुटतो व लाटा उठूं लागतात. म्हणून शहाणा नाखवा उजाडतां निघतो आणि ऊन चढल्यावर परत फिरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांची लहान होड्यांची वाहतूक बंद असते, आणि ती बंद असणेंच योग्य होय.

तीन दिवसांची योजना अशी करतां येते. भोसरी-चिंचवडकडील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं असते. तिला आधींचे दोन दिवस रजेचे जोडले तर शनिवार-रविवारची किनाऱ्यावरील गर्दी आपोआप टळते. पहिल्या दिवशीं खोपोली, पेण, वडखळवरून अलिबाग व कुलाबा. दुसऱ्या दिवशीं थळच्या किनाऱ्याहून खांदेरीचें दर्शन. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधास न जुमानतां हें बेट बांधावयास घेतलें; त्यावरील दीपगृह १८६७ चें आहे, आणि वेताळाचें ठाणें कोळी बांधवांचें श्रद्धास्थान आहे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठा दुर्गांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग आहेत. बेटावर उतरण्याची परवानगी व सोय आधीं विचारून घ्यावी. तिसऱ्या दिवशीं मुरूडजवळील राजपुरीहून शिडाच्या होडींतून जंजिरा पाहावा आणि ताम्हिणी घाटानें घरीं परतावें. शिडाचीच हौस असेल तर मुंबईस गेटवेसमोर तासांच्या बोलीवर नौका मिळतात; तांडेल व खलाशी बरोबर असतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा सारा हिशेब मांडावयाचा ती गोष्ट. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येला लागून, ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली. दिवस पावसाळ्याचा, समुद्र खवळलेला, बोट सणासाठीं घरीं निघालेल्या माणसांनीं भरलेली. रेवस गांठण्यापूर्वींच ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रेवसकडील कोळ्यांनीं मचव्यांतील मासळी समुद्रांत लोटून माणसांना जागा केली, असें त्या बाजूस आजहि सांगतात. अशी विपत्ति केवळ वादळी ऋतूंतच ओढवते असें नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं, हिंवाळ्याच्या स्वच्छ दुपारीं, घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका यंत्राची चांचणी चालू असतां आदळली. पंधरा माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर गेटवेच्या नौकांत तरंगतीं जाकिटें घालण्याची सक्ती झाली.

या दोन तारखा सहलीच्या आनंदावर विरजण घालण्यासाठीं नाहींत. यंत्र चालविणारा कामगार शिरस्त्राण घातल्यावांचून यंत्राजवळ जात नाहीं. तोच माणूस सुट्टींत मुलाला कडेवर घेऊन जाकिटावांचून होडींत चढतो, हा विरोध मात्र ध्यानांत घेण्यासारखा आहे. होडी ठरवितांना भाड्याची घासाघीस करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. होडीस मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे काय? तिच्यावर किती माणसांची संख्या लिहिली आहे? प्रत्येकासाठीं, आणि मुलांच्या मापाचें, जाकीट आहे काय? आणि आज जावें असें तांडेलाला स्वतःला वाटतें काय? चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याचें उत्तर मनमोकळें मिळावयाचें असेल तर तांडेलाला हें आधींच सांगितलें पाहिजे कीं, फेरी रद्द झाली तरी त्याच्या खोळंब्याचे पैसे दिले जातील. नाहींतर पोटाच्या ओढीनें तो ‘चला’ म्हणेल, आणि रजा फुकट जाईल या भीतीनें पाहुणेहि ‘चला’ म्हणतील.

म्हणून नौकेच्या सहलीच्या अंदाजपत्रकांत एक दिवस व कांहीं रक्कम ‘न जाण्यासाठीं’ राखून ठेवावी. भूमध्य समुद्रावर जाणाऱ्यानें ती ठेवावी, आणि राजपुरीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्यानेंहि ठेवावी. तो दिवस किनाऱ्यावर बसून गेला तर आजीबाई नातवंडांना तिथीची पाऊणपट करावयास शिकवितील, मुलें वाळूंत काठी रोंवून पाणी कोठवर येतें तें पाहतील, आणि सोमवारीं पहिल्या पाळीच्या भोंग्याला घरांतील सारीं माणसें घरीं असतील.