पुतण्याचा व्यवसाय

विक्रेता म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें दुकान आणि गिऱ्हाईक येतें. माझा पुतण्या गुडघ्याचे कृत्रिम सांधे विकतो. पण रोगी त्यास ओळखतही नाहीं. सांध्याचें नेमकें माप हाड कापल्यावरच ठरतें, म्हणून लहानमोठे सर्व सांधे त्यास बरोबर न्यावे लागतात. हत्यारांच्या जड पेट्या तर आदल्या संध्याकाळींच रुग्णालयांत पोंचवावयाच्या, कारण तीं हत्यारें निर्जंतुक व्हावयाचीं असतात. शस्त्रक्रिया चालूं असतां तो एका बाजूस उभा राहून मागितलेल्या मापाची डबी पुढें करतो. शाळेंत हाच मुलगा अपूर्णांकांत नापास होत असे!

२०१७ च्या ऑगस्टांत सरकारनें किंमती बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास कर वगळून ५४,७२० रुपये. तत्पूर्वीं हीच किंमत सरासरी दीड लाखावर होती. रोग्यांची सोय झाली. पुतण्यास मात्र महिन्याचा आंकडा गांठावाच लागतो.

गेल्या वर्षीं माझ्या पत्नीवरच ही पाळी आली. कोणाचा सांधा घ्यावा, असें मीं त्यास विचारलें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे, तोच घ्या. ते आमचा वापरीत नाहींत."

त्या महिन्यांत त्याचा आंकडा भरला नव्हता, हें मला मागाहून कळलें.