ओळख न दाखवल्याबद्दल

(1996 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी माझ्यापुढे हात केला आणि मी तो न घेताच पुढे गेले, असं मला नंतर कळलं. ज्याचा असेल त्याने जेवताना पुन्हा पुढे करावा, या वेळी नाव सांगून. गेल्या काही वर्षांत असे बरेच हात माझ्याकडून राहून गेले. "पुण्याला गेली, आता ओळख दाखवत नाही," असं गावात म्हणतात, हे आईकडून कानावर आलंय.

सुरुवात खरं तर शाळेतच झाली. नववीची अजिंठ्याची सहल आठवते? बाहेरच्या उन्हातून 1 नंबरच्या लेण्यात शिरलो आणि माझ्यापुढे काळा पडदा. चित्रं जपायला आत उजेड कमीच असतो. तुम्ही सगळे पद्मपाणी बघत होतात, मी पुढच्या मुलीची वेणी धरून उभी. परत आल्यावर सहलीवर निबंध लिहिला तो सगळा तिच्या वर्णनावरून. 10 पैकी 8 मिळाले. बाई समोरच बसल्यात, म्हणून आज कबूल करते.

घरी रातांधळेपणावर गाजरं आणि पपई सुरू झाली. 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्यानेही तो होतो, पण माझं कारण वेगळं निघालं. पहिली नोकरी लागल्यावर आजाराचं नाव कळलं: रेटिनायटिस पिगमेंटोझा. डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधारात बघणाऱ्या पेशी आधी मरतात, मग कडेची नजर जाते, मधली बहुधा सगळ्यात शेवटी. आजार जनुकांतून येतो. माझे आईबाबा आते-मामे भावंडं. अशा लग्नात दोघांकडून तोच सदोष जनुक मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. हे ऐकल्यापासून आई डोळ्यांचा विषयच काढत नाही. घरी आलात तर तुम्हीही काढू नका.

आता हात लांब करून मूठ वळा. ती जेवढी जागा झाकते ते साधारण 10 अंश. माझी नजर त्याहून लहान. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 10 अंशांहून कमी दृष्टिक्षेत्र म्हणजे अंधत्वच, मग त्या मुठीच्या आत बारीक अक्षर का दिसेना! म्हणून मी पांढरी काठी टेकत बसमध्ये चढते आणि सीटवर बसून मोबाइल वाचते. एकदा एक काका मोठ्याने म्हणाले, "जागेसाठी काय काय सोंगं करतात!" उत्तर द्यायला गेले तर डोळ्यांत पाणी आलं, मग होतं तेही दिसेना.

काकांना तरी काय म्हणू? आंधळा म्हणजे काळा चष्मा आणि मिट्ट काळोख, एवढंच मलाही माहीत होतं. 'मला तर दिसतं की' म्हणत काठी घ्यायला मी सहा वर्षं लावली. एका संध्याकाळी सोसायटीत खाली बसून खेळणाऱ्या एका चिमुरडीवर मी आडवी पडले. तिला खरचटण्यावर निभावलं. तिच्या आईने "दिसत नाही का?" विचारलं, आणि मी पहिल्यांदा "नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशी काठी मागवली.

नोकरी चालू आहे. कोड आता बराचसा ऐकते. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे, एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये सुरू केलेला. ओळ किती आत सरकली आहे तेही तो सुरांच्या चढउतारावरून सांगतो. माझ्या वेगाने तो बोलायला लागला की शेजारच्यांना माश्या घोंगावल्यासारखं वाटतं.

रात्री मैदानावर जेवण आहे, उजेड बेताचाच असणार. माझा दंड धरून ओढू नका, तुमचं कोपर पुढे करा, मी धरते. ताटातलं घड्याळासारखं सांगा: भात सहाला, भाजी तीनला. आणि मागून येऊन डोळे झाकत "ओळख कोण" विचारणारा आपल्या वर्गात एक जण होता. आला असेल तर यंदा डोळे झाकायची तसदी घेऊ नकोस रे, नुसतं विचार.