नाव येथल्या यादीत हवे



आपल्या घरांतून राजकारणाची चर्चा पुष्कळ होते. परंतु ती बहुधा महाराष्ट्राची. जेथे आपण राहतो, तेथल्या खासदाराचे नावही आपल्या कित्येक मुलांना ठाऊक नसते. हे आपणांस शोभणारे नाही.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१वरून १८वर आले. १९८९च्या लोकसभा निवडणुकीत या तरुणांनी प्रथमच मत दिले. त्याच निवडणुकीत चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजन इंदूरहून निवडून आल्या. ती धरून सलग आठ वेळा इंदूरने त्यांना लोकसभेत धाडले. २०१४ साली त्या लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या. पक्ष कोणताही असो, परगावी नांदूनही तेथल्या जनतेचा विश्वास संपादन करता येतो, हे त्यावरून दिसते.

मतदारयादीचा कायदा आपले मूळ गाव विचारीत नाही. नित्याचे वास्तव्य पाहतो. दोन मतदारसंघांत नाव ठेवण्याची मुभाही तो देत नाही. म्हणून गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपण जसे घरोघर जातो, तसेच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीच्या नोंदणीसाठीही जाऊ या. मराठी आपण जपूच; पण ज्या नगराने आपल्याला आसरा दिला, त्याच्या कारभारात आपण पाहुणे राहू नये.