विनोदी प्रसंगामागची निकड



लघुचित्रपटासाठी विनोदी प्रसंग लिहू पाहणारा नवोदित लेखक बहुधा प्रथम कोट्या जमवू लागतो. कोट्या जमतात, प्रसंग मात्र उभा राहत नाही. पात्राला काहीतरी मनापासून हवे असावे आणि त्याच्या वाटेत दुसऱ्या कुणाची तितकीच प्रामाणिक इच्छा आडवी यावी, तेव्हाच हसू फुटते.

याचा वस्तुपाठ कोगनोळीकरांना दूर शोधावा लागत नाही. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली पडद्यावर आला. लेखन आचार्य अत्रे यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि नायक औदुंबरही तेच. एका व्याख्यानाने भारावून औदुंबर ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, जमवलेली नटनट्यांची चित्रे फेकून देतो. पुढे गाठ पडते ती किशोरीशी. मीनाक्षी शिरोडकर यांचा पोहण्याच्या पोशाखातील प्रसंग त्या काळी फार गाजला. चर्चा अर्थातच पोशाखाची झाली, रचनेची नाही. किशोरीला औदुंबराचे लक्ष हवे आहे, औदुंबराला व्रत टिकवायचे आहे, आणि त्याचे मन मात्र चोरून तिलाच सामील आहे. बाहेर एक झगडा, आत दुसरा. व्रताची थट्टा त्याने स्वतःच केली असती, तर त्याच्या फजितीला कोण हसले असते?

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्येही वेषांतर ही हौस नव्हे; घरमालकिणीला जोडपीच भाडेकरू हवीत आणि मित्रांना डोक्यावर छप्पर.

पाच मिनिटांच्या प्रसंगाला एवढे पुरते. एक कल्पित प्रसंग पाहावा. गावच्या वाचनालयाचा समारंभ आहे. एका वृद्ध वाचकाने नोंद न करता नेलेले पुस्तक अकरा वर्षे घरी ठेवले आहे. आज गर्दीत ते गुपचूप कपाटात सरकवावे, एवढीच त्याची इच्छा. नातू सभेत बसलेला, म्हणजे लाज दुप्पट. ग्रंथपालाने मात्र ठरवले आहे, की सर्वांत जुना वाचक म्हणून त्याच गृहस्थाचा सत्कार करायचा. दोघेही सज्जन, दोघांचेही हेतू चांगले. खलनायकाची गरजच नाही. हा कपाटाकडे सरकतो, तो हात धरून व्यासपीठाकडे ओढतो. नम्रतेने दिलेला प्रत्येक नकार ग्रंथपालाचा आदर वाढवतो आणि म्हाताऱ्याची कोंडी घट्ट करतो. येथे कोटी घातली, तर वेग मोडेल. अखेर हाराला नमस्कार करताना दोन्ही हात जुळतात आणि कोटाआडचे पुस्तक खाली पडते.

पुष्कळ लेखक येथेच थांबतील. ते घाईचे होईल. ग्रंथपाल वाकून पुस्तक उचलतो, पहिल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का पाहतो. सभा टाळ्या वाजवत आहे, सत्काराची घोषणा त्यानेच केली आहे. तो पुस्तक झटकन स्वतःच्या कोटाआड घालतो. आता लपवायचे काम दोघांचे आहे, आणि छायाचित्रकार दोघांनाही हात वर करायला सांगत आहे.