ब्रेकची हवा आणि केबिनचा गारवा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते आणि चाकातली हवा सोडली की ती गार लागते, हे इथल्या प्रत्येक मुलाने अनुभवले असेल. हवा दाबली की तापते, फैलावताना तिच्याकडून काम करून घेतले की थंड होते. बहुतेक प्रवासी विमानांत गारवा असाच मिळतो. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा आधी बाहेरच्या हवेने निववतात, मग छोट्या टर्बाइनमधून सोडतात. ते फिरवण्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती थंडगार होऊन केबिनमध्ये येते.

मग आपल्या बसमध्ये हे का नको? हा प्रश्न आमच्या वर्कशॉपला एका ड्रायव्हरने कृतीतूनच विचारला. ग्वाल्हेरचा जून, पारा ४५च्या घरात, बाहेर लू आणि शेजारी इंजिनाची धग. गड्याने ब्रेकच्या हवेच्या टाकीवरून बारीक नळी सीटपर्यंत आणली होती. तपासणीत गेजचा काटा उतरताना दिसला, तेव्हा ती सापडली.

नळी आम्ही लगेच काढली. मोठ्या गाडीचे ब्रेक त्याच हवेवर चालतात. तिथे तडजोड नाही. पण नुसते 'नको' म्हणून त्याचे समाधान होईना. मग आम्ही कागद घेऊन त्याच्याबरोबर बसलो. कॉम्प्रेसर मिनिटाला ३०० लिटर हवा देतो आणि ती सगळी केबिनपेक्षा २० अंशांनी गार मिळते असे धरले, तरी गारवा होतो सुमारे १२० वॉटचा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनच साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते! छोट्या मोटारीच्या एसीला काही हजार वॉट उपसावे लागतात. शिवाय टाकीतली हवा टर्बाइन न फिरवता नळीतून नुसती सोडली, तर ती फारशी गार होतच नाही. झोताने घाम वाळतो, तेवढेच बरे वाटते. ते काम पंखाही करतो.

हिशेब त्याला पटला. तो एवढेच म्हणाला, "साहेब, त्या सीटवर दिवसभर मी बसतो."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यापैकी दोघे त्याच्याबरोबर फेरीला गेले. परत आल्यावर आम्ही इंजिनाच्या झाकणाला आतून उष्णतारोधक अस्तर लावले, फटी बुजवल्या, टप पांढरा रंगवला, सीटसमोर पंखा बसवला. केबिन थंड झाले असे म्हणणार नाही. पण झाकणावर हात ठेवता येऊ लागला आणि ब्रेकची हवा ब्रेकलाच राहिली.

ही फेरी आम्ही आधीच करायला हवी होती. ती नळी चुकीची होती, तक्रार खरी होती.

गणपती बाप्पा मोरया!