पहिल्या विजयाचा हिशेब मागणारा



महानायकाच्या चित्रपटाचा दुसरा भाग कसा लिहावा, असा विषय तुम्ही ठेवलात आणि संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मला श्रीरामपूरला बोलावलंत, याबद्दल मनापासून आभार. मी आज नायकाबद्दल फार बोलणार नाही. हा जिल्हा सदाशिव अमरापूरकरांचा आहे. १९५० साली अहमदनगरला जन्मलेला हा नट '२२ जून १८९७' मध्ये लोकमान्य टिळक झाला. पुढे १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये मोजक्या प्रसंगांचा रामा शेट्टी होऊन त्याने ओम पुरींच्या अनंत वेलणकरला जाळून काढलं. या मातीत उभं राहून खलनायकाबद्दल बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

दुसऱ्या भागाच्या चर्चेत निर्मात्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या वेळी व्हिलन किती मोठा? मग त्याचं साम्राज्य गावावरून देशावर जातं, माणसं दहाची शंभर होतात, एकाच्या जागी तीन खलनायक येतात. माझं म्हणणं असं की, हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. दुसऱ्या भागाचा खलनायक पहिल्या भागातल्या नायकाच्या विजयातून जन्माला आला पाहिजे. आणि जुन्या रूपातल्या नायकाला तो मारता येता कामा नये.

हे मी हॉलिवुडकडून शिकलो नाही. इथून जवळच गोदाकाठी सप्ताह बसतात, भागवत वाचलं जातं, तिथे ही पटकथा शतकानुशतकं सांगितली जाते आहे. वैकुंठाच्या दारातले जय-विजय सनकादिकांना अडवतात आणि शापित होतात. तीन जन्म वैरी म्हणून घ्यायचे. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. म्हणजे सलग तीन भाग. त्यातला पहिला जन्मच बारकाईने पाहा. वराहाने हिरण्याक्षाला मारलं, पृथ्वी वर काढली, देवांनी फुलं उधळली. आपल्याकडचा लेखक इथे थांबला असता. भागवतकार मात्र हिरण्याक्षाच्या घरात शिरतात. तिथे आई दिती रडते आहे, विधवा भावजय रडते आहे, आणि हिरण्यकशिपू त्यांची समजूत घालतो आहे. देह जातो, आत्मा जात नाही, शोक कशाला, असं तत्त्वज्ञान तो सांगतो, दृष्टांतासह सांगतो. असुराच्या तोंडी इतका शहाणा विचार घालण्याचं धाडस आपल्या किती पटकथांत आहे? हाच शहाणा माणूस पुढे मंदराचलावर घोर तप करतो आणि वर मागतो: आत नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही.

या वराचा अर्थ पटकथाकाराने लक्षात घ्यावा. ज्या रूपाने भावाला मारलं, त्या रूपाचा आता उपयोग नाही. विष्णूला नवं रूप घ्यावं लागतं, उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला. नरसिंह जन्मतो तो खलनायकाच्या अटींमुळे. आणि हिरण्यकशिपूचा खरा पराभव त्याच्या घरात आधीच सुरू झालेला असतो, प्रल्हादाच्या रूपाने. दुसरा भाग याहून चांगला कसा बांधायचा, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आता 'स्पायडर-मॅन'कडे पाहू. सॅम रायमींच्या २००२ च्या पहिल्या चित्रपटात ग्रीन गॉब्लिन मरतो आणि त्याच्या मुलाच्या, हॅरीच्या मनात सूड पेरला जातो. हॅरी हा पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचाच, जिवलग मित्र आहे. २००४ च्या दुसऱ्या भागात मुखवट्यामागे कोण आहे हे त्याला कळतं, बापाची शस्त्रं सापडतात. पहिल्या विजयातून उगवलेला, पाच वर्षं वाढवलेला हा खलनायक २००७ च्या तिसऱ्या भागासाठी तयार होता. आणि तिथे काय झालं? सँडमॅन आला, निर्मात्यांच्या आग्रहाने व्हेनम आला, आणि जागा करण्यासाठी हॅरीची स्मृती घालवून त्याला कथेच्या मधल्या भागातून बाजूला ठेवलं. जो खलनायक नायकाकडे हिशेब मागायला आला होता, त्यालाच हिशेबाचा विसर पाडला. मला हे आजही सलतं. त्याहून मोठी चूक सँडमॅनच्या बाबतीत झाली. बेनकाकांचा खरा मारेकरी तोच, असं तिसऱ्या भागात सांगितलं गेलं. पहिल्या चित्रपटाचा सगळा भार कशावर होता? आपण सोडून दिलेल्या चोराने आपल्या काकांना मारलं, या पीटरच्या पापावर. मारेकरी बदलला की त्या पापाची धार बोथट होते. नव्या खलनायकाला वजन देण्यासाठी मागच्या भागाचं काळीज काढून घ्यायचं नसतं.

यावरून 'खलनायक एकच हवा' असा नियम मात्र काढू नका. कंसाने कृष्णावर पूतना पाठवली, तृणावर्त, बकासुर, अघासुर, किती तरी पाठवले. ती गर्दी आपल्याला गर्दी वाटत नाही, कारण प्रत्येकामागे कंसाची एकच भीती उभी आहे. 'द डार्क नाइट'मध्येही (२००८) दोन खलनायक आहेत, पण जोकरच हार्वी डेंटला टू-फेस बनवतो. दोघांचा धागा एक आहे, म्हणून दोघे मावतात. तो जोकरही आभाळातून पडलेला नाही. 'बॅटमॅन बिगिन्स'च्या (२००५) शेवटी बॅटमॅनला त्याचं पत्त्याचं पान दाखवलं जातं आणि सांगितलं जातं की, तू मुखवटा घातलास, आता समोरचेही घालणार.

आपल्याकडे 'सिंघम' घ्या. बाजीराव सिंघम मराठी अधिकारी, म्हणून तो आपल्याला जवळचा. २०११ च्या चित्रपटात प्रकाश राजचा जयकांत शिक्रे इतका का लक्षात राहिला? जामिनाच्या सहीसाठी सिंघम त्याला शिवगडच्या ठाण्यात यायला लावतो, त्या अपमानातून वैर सुरू होतं आणि बदलीच्या निमित्ताने शिक्रे सिंघमला आपल्या गोव्यात ओढतो. वैर दोन माणसांमधलं आहे. 'सिंघम रिटर्न्स'मध्ये (२०१४) अमोल गुप्तेंचा बाबा आला, काळा पैसा आला, राजकारण आलं. व्याप वाढला, पण सिंघमचा आणि त्या बाबाचा जुना हिशेब काहीच नव्हता.

'सडक'ची गोष्ट आणखी दुखरी. १९९१ मध्ये अमरापूरकरांनी महाराणी उभी केली आणि नकारात्मक भूमिकेसाठीचं पहिलं फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळालं. संजय दत्तच्या रवीचं महाराणीशी वैर त्याच्या बहिणीच्या जखमेतून आणि पूजावरच्या प्रेमातून आलं होतं. २०२० मध्ये 'सडक २' आला तेव्हा अमरापूरकर जाऊन सहा वर्षं होत आली होती. नवा खलनायक होता एक ढोंगी बाबा, मकरंद देशपांडेंसारखा ताकदीचा नट त्या भूमिकेत. पण त्याचं भांडण आलिया भटच्या आर्याशी. रवी त्यात दुसऱ्याच्या लढाईत मदतीला गेलेला टॅक्सीवाला राहिला. महाराणीला मारून रवीने काय मिळवलं, काय गमावलं, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

मराठीत महानायकाचे प्रयोग थोडे झाले. महेश कोठारेंनी १९८७ मध्ये 'दे दणादण'मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेंना अचाट शक्ती दिली आणि लाल रंग ही तिची मर्यादाही दिली. निखिल महाजनांनी २०१५ मध्ये 'बाजी' केला, श्रेयस तळपदेंना मुखवटा चढवला आणि समोर जितेंद्र जोशी उभे केले. त्याचा दुसरा भाग अजून आलेला नाही. खलनायक मात्र आपल्याकडे परत आला आहे: तात्या विंचू. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये एका पिढीची झोप उडवली. वीस वर्षांनी 'झपाटलेला २' त्रिमितीत आला. तात्याला मुलांशी पुन्हा भेटवण्याचा आनंद त्यात होता, तो मी कमी लेखत नाही. तरी मला वाटतं, तात्याला पडद्याबाहेर आणण्यापेक्षा त्याला मारण्याचा उपाय बदलायला हवा होता. पहिल्या वेळी कामाला आला तोच उपाय दुसऱ्या वेळी चालणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तर भीती उरत नाही.

आता आपल्या परिसरात घडणाऱ्या दुसऱ्या भागाची एक कल्पना मांडतो. पहिल्या भागात मुखवटा घातलेल्या आपल्या नायकाने प्रवरेतला चोरटा वाळूउपसा मोडून काढला असं धरा. पोकलेन बंद, डंपर जप्त, नदी वाचली. टाळ्या. दुसऱ्या भागासाठी याहून मोठा वाळूमाफिया शोधू नका. जप्त डंपरच्या ड्रायव्हरकडे जा. गाडी त्याने कर्ज काढून घेतली होती, हप्ते थकले आहेत. गावातली घरकुलं अर्धवट आहेत, कारण वाळूचा ब्रासचा भाव परवडेनासा झाला. गवंडी आणि बिगारी घरी बसलेत. हा ड्रायव्हर एके काळी नायकाचे व्हिडिओ मोबाइलवर जपून ठेवत होता. आता तो कोणावर हात उचलत नाही, कायदा मोडत नाही. रिकाम्या हातांची माणसं गोळा करतो, पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहतो, निवडून येतो आणि नदी पुन्हा खोदायला ठराव आणतो. त्याला ठोसा मारून चालणार नाही. रात्री छपरावरून उडी मारून चालणार नाही. नायकाला मुखवटा काढून भर दुपारी ग्रामसभेत उभं राहावं लागेल, आणि लोकांना पटेल असं बोलावं लागेल. ते त्याला कधी आलेलं नाही.

त्या सभेत आधी बोलायला उठेल तो ड्रायव्हर. त्याचं भाषण उद्याच्या कार्यशाळेसाठी प्रत्येकाने लिहून आणावं, अशी माझी विनंती आहे. दोन पानं पुरेत. अट एकच: नायकावर तो जे आरोप करील, त्यातला एकही खोटा नसावा. सगळी भाषणं मी स्वतः वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावरच नायकाच्या उत्तराला आपण हात घालू.