मूल शाळेत टिकेल कसे?



मार्च १९७७च्या निवडणुकीने केंद्रातील काँग्रेसची तीस वर्षांची सत्ता संपवली. नाशिकमधून शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे आणि मालेगावमधून जनता पक्षाचे हरिभाऊ महाले लोकसभेवर गेले. ज्या निरक्षर मतदाराला लोकशाहीचे मोल कळत नाही असे म्हटले जाई, त्यानेच आणीबाणीचा निकाल लावला. त्याला अक्षराचा हक्क मिळालाच पाहिजे, ही त्या वेळची आशा स्वाभाविक होती.

या आशेला कार्यक्रमाचे रूपही आले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. राज्यातही पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात समाजवादी चळवळीतील सदानंद वर्दे शिक्षणमंत्री झाले. परंतु जुलै १९७९मध्ये केंद्रातील सरकार कोसळले, फेब्रुवारी १९८०मध्ये राज्यातील मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि उद्दिष्ट अपुरे राहिले.

मात्र सारे खापर सत्तेच्या अल्पायुष्यावर फोडून चालणार नाही. रात्रीच्या वर्गात बसणारा प्रौढ हा शाळेतून गळालेला किंवा शाळेत कधीच न पोहोचलेला मुलगाच असतो. ती गळती चालू ठेवून साक्षरतेचे वर्ग चालविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

गळतीचे कारण जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. गरिबांना गुरे राखण्यासाठी आणि शेतीकामासाठी मुलांची गरज भासते. म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. फी माफ झाली तरी मुलाच्या श्रमाची किंमत माफ होत नाही. ती कुटुंबालाच सोसावी लागते.

नाशिक जिल्ह्यात हे दरवर्षी दिसते. पेठ-सुरगाण्यात भात-नागलीचे पीक निघाले की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर राहते. मूल मात्र बागेच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. १ एप्रिल २०१०पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला, पण पोटामागे फिरणाऱ्या कुटुंबाला तो हक्क सोबत नेता येत नाही.

१९७७चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. त्याच्याकडे केवळ मजुरीचा कायदा म्हणून पाहिले गेले. वस्तुतः तो शिक्षणाचाही कायदा होता. गावात काम मिळाले तर कुटुंब गाव सोडीत नाही आणि मुलाची शाळाही सुटत नाही. प्रौढशिक्षण आणि रोजगार हमी हे एकाच काळातले दोन धागे एकत्र विणले गेले नाहीत, ही त्या पर्वाची खरी उणीव होय.

ती भरून काढण्यासाठी सत्तेची वाट पाहण्याचे कारण नाही. भातकापणी उरकण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी गावोगाव कामाच्या मागणीचे अर्ज भरून घ्यावेत. जेथे स्थलांतर अटळ आहे, तेथे मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा आग्रह धरावा. ऑगस्टमध्ये वर्गात बसणारी किती मुले जानेवारीतही वर्गात आहेत, हे स्वतः शाळेत जाऊन मोजावे आणि तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा.